गोलकीपर होते ते वर्ष

आई गेली त्या पावसाळ्यात मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. ताप आला, जवळचा दवाखाना झाला, मोठा दवाखाना झाला, आणि एका सकाळी पप्पा वॉर्डमधून बाहेर येऊन मला फक्त "चल" म्हणाले. मी चप्पल घातली. कुठे, कशाला, काही विचारलं नाही. जिना उतरताना माझ्या मनात आलं ते एवढंच, की कालचा डबा धुवायचा राहिलाय.

परभणीहून आत्या आली होती. तेरावा होईपर्यंत राहिली. रोज दुपारी ती मला जवळ घ्यायची आणि म्हणायची, "रड गं माय एकदा. मोकळी होशील." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू यायची वाट बघायचे. तिच्या पदराला कापराचा वास यायचा. रडू यायचं नाही. शेवटी तीच रडायची आणि मीच तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. जाताना पप्पांना म्हणाली, "पोरीकडं ध्यान दे. हिचं काही बरं दिसंना मला." पप्पांनी मान हलवली.

आम्ही चिखलीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. पप्पा चाकणला एका कंपनीत प्रेसवर होते, गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढायचं काम. आई भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये वायरींचे जुडगे बांधायची. ती गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. पप्पांची शिफ्ट आठवड्याला बदलायची, त्यामुळे कधी ते आत येताना मी बाहेर पडायचे आणि जिन्यातच भेट व्हायची. ते कूकरला खिचडी लावून ठेवायचे. "मीठ बरंय ना?" "हो." एवढंच बोलणं. त्यांना बोलायला जमत नव्हतं आणि मला बोलावंसं वाटत नव्हतं. दुःख होत होतं असंही म्हणता येणार नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात, मग आपल्याच गालाला हात लावला तरी तो दुसऱ्या कुणाचा वाटतो. मला सगळ्या अंगाचं तसं झालं होतं.

कॉलेज निगडीला होतं. त्या वर्षी तिथे पहिल्यांदाच मुलींची फुटबॉल टीम निघणार होती. टीम काढायचं वेड जिचं होतं ती माझ्याच वर्गात होती, रावेतच्या जुन्या घरातली. घरच्या शेतांवर आता टॉवर उभे होते. उरलेल्या एका मोकळ्या प्लॉटवर ती लहानपणापासून भावांबरोबर फुटबॉल खेळत आलेली. कॉलेजला बुलेटवर यायची. टीम होण्याआधीच सगळे तिला कॅप्टन म्हणू लागले होते.

एकदा कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली. आधी मला वरखाली न्याहाळलं.

"तुजी हाईट हाय," ती म्हणाली. "गोलमधी उभी ऱ्हा."

"मला खेळता येत नाही."

"हितं कुणाला येतंय? तू उभी तर ऱ्हा."

नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगितलं असतं तर तिने तोंड बारीक करून "सॉरी" म्हटलं असतं, मग मला "असू दे" म्हणावं लागलं असतं. हो म्हणणं सोपं होतं. मी हो म्हटलं.

सकाळी लेक्चरच्या आधी प्रॅक्टिस व्हायची. आमचे सर मूळचे व्हॉलीबॉलचे. फुटबॉल ते मोबाइलवर बघून शिकत आणि आम्हाला शिकवत. टीममधल्या निम्म्या मुली कबड्डीच्या होत्या. समोरची मुलगी बॉल घेऊन आली की त्या सरळ तिची कंबर धरायच्या. सर शिट्टी वाजवून वाजवून दमायचे. "अगं सोड तिला! बॉल अडव, बाई नाही!" सगळ्या हसायच्या. मी गोलमध्ये उभी राहून ते बघायचे. हसण्यासारखं होतं हे मला कळत होतं.

हातमोजे मुलांच्या टीमचे होते, मोठे, नेहमी दमट. मला तिथे उभं राहणं आवडायचं असं नाही, पण तिथे कुणी काही विचारत नसे. बॉल येईपर्यंत बघायचं आणि आला की अडवायचा. समोर मैदान, मैदानापलीकडे रस्ता, रस्त्यावरून कंपन्यांच्या पांढऱ्या बसेस एकामागून एक जायच्या. त्यातल्या एखाद्या बसमध्ये पप्पा खिडकीला डोकं टेकून झोपलेले असतील, असं वाटायचं. तेवढाच विचार. पुढे काही नाही.

आंतरकॉलेज स्पर्धेतली पहिली मॅच पुण्यात, एका मोठ्या कॉलेजशी झाली. त्यांच्या मुलींच्या पायात नीट पॅड होते, एकमेकींना त्या नावाने हाका मारून पास द्यायच्या. आमच्या सगळ्याजणी बॉलमागे घोळक्याने धावत होत्या. किती गोल झाले ते मी मोजलं नाही. टेबलावर बसलेला मुलगा मोजत होता. प्रत्येक वेळी मी जाळीतून बॉल काढून मधे फेकायचे. शेवटी त्यांची एक मुलगी येऊन माझ्या खांद्यावर थोपटून गेली.

परतताना गाडीत दोघीतिघी रडत होत्या. कॅप्टन खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी वडापाव खाल्ला. शेजारचीने तिचा खाल्ला नाही, तोही मी खाल्ला.

कॅप्टन वळून माझ्याकडे बघत होती. "तुला काईच वाटत न्हाई का गं?"

"नाही," मी म्हणाले.

तिला ते उद्धटपणाचं वाटलं असावं. निगडी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला कुणीतरी तिला माझ्या घरचं सांगितलं असणार, कारण ती येऊन माझ्या बुटाची सुटलेली लेस बांधून गेली.

सरांनी मात्र त्या मॅचमध्ये दुसरंच काही पाहिलं होतं. "एवढे गोल खाल्लेस, पण एकदाही डोळे मिटले नाहीस," ते म्हणाले. "नवीन गोलकीपर तोंड फिरवतो. तू बॉल तोंडावर येऊ देतेस." त्यानंतर ते माझ्यावर जास्त वेळ घालवू लागले. समोरची मुलगी एकटी बॉल घेऊन आली तर जागेवर थांबायचं नाही, तिच्या पायात झेप टाकायची. इतर मुली दचकायच्या. मी टाकायचे. ढोपरं, कोपरं सोलून निघायची, घरी गेल्यावर अंघोळीच्या वेळी दिसायची. टीममध्ये माझं नाव झालं. "काय डेरिंग हाय हिच्यात," कॅप्टन सगळ्यांना सांगायची. मी ते खोडून काढलं नाही. भीती वाटत असूनही जो पुढे जातो त्याची ती डेरिंग. मला भीतीच वाटत नव्हती.

दुसरी मॅच मोशीच्या पुढे, आळंदीकडच्या बाजूला एका कॉलेजच्या मैदानावर होती. पप्पांची त्या आठवड्यात पहिली शिफ्ट होती. सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना त्यांनी विचारलं होतं, "कुठं हाय तुझा खेळ?" मी सांगितलं. येतो असं काही म्हणाले नाहीत. मॅच सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, मागे चाहूल लागली म्हणून वळून बघितलं तर ते गोलच्या जाळीमागे उभे. कंपनीचा निळा शर्ट, पायात सेफ्टी शूज, खांद्याला डब्याची पिशवी.

त्यांनी आयुष्यात फुटबॉलची मॅच बघितली नव्हती. धावणाऱ्या मुलींकडे बघत राहिले, मग जाळीला तोंड लावून हळूच म्हणाले, "सगळ्याजणी पळायल्यात. तू कामून उभीच?"

"मी गोलकीपर आहे पप्पा. मला इथंच उभं राहायचं असतं."

"असं व्हय. म्हंजे वॉचमन."

"हो."

त्यानंतर बॉल आमच्या बाजूला आला की ते मागून सांगायचे, "आली बघ. ती लाल रिबिनवाली आली." जसं काही मला दिसत नव्हतं.

आमच्या टीमला तोपर्यंत खेळ थोडा जमू लागला होता. कॅप्टनने पहिल्या हाफमध्ये एक गोल केला आणि आम्ही तो कसाबसा सांभाळून होतो. मॅच संपत आली असताना ती लाल रिबिनवाली सगळ्यांना चुकवून एकटी आत आली. मी पुढे जाऊन तिच्या पायात झेप टाकली. तिचा बूट माझ्या हातावर बसला. बॉल माझ्या पोटाशी होता, मी तो सोडला नाही. उठले, लांब फेकला. थोड्या वेळाने शिट्टी झाली. आम्ही जिंकलो होतो.

सगळ्याजणी पळत आल्या, माझ्या अंगावर पडल्या. कुणी मला उचलायला बघत होतं. मी हातमोजा काढायला लागले तर तो निघेना. ओढून काढला. कॅप्टन माझ्या हाताकडे बघून किंचाळली, "अगं ए! तुजं बोट बघ!"

करंगळीशेजारचं बोट मधूनच भलतीकडे वळलं होतं. मीही बघितलं. कुणीतरी मला दुसऱ्या कुणाचं बोट दाखवावं तसं.

त्या दिवशी पप्पा कामावर कंपनीच्या बसने न जाता गाडीने गेले होते. तिच्यावरच बसवून त्यांनी मला मोशीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे झाला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "हे असं घेऊन खेळत होतीस? दुखलं नाही?"

"नाही."

"खेळताना अंग गरम असतं, कळत नाही," ते पप्पांना म्हणाले. "आता दुखेल. मी बोट जागेवर बसवतो, बाळा. ओरडलीस तरी चालेल."

त्यांनी बोट ओढून बसवलं. भिंतीवर औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर धबधबा होता. मी धबधब्याकडे बघत होते. डॉक्टरांनी एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, एकदा पप्पांच्या. पप्पा उठून बाहेर गेले.

पट्टी बांधून झाल्यावर मी बाहेर आले तर ते गाडीशेजारी भिंतीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"तुझी माय बी अशीच," ते भिंतीकडेच बघत म्हणाले. "अंगात ताप घेऊन कामावर जायली. विचारलं की म्हणायची, काही नाही हो, जरा कणकण हाय. मी म्हणलो, असंल. आता तू. मी कुणाला विचारावं? मला कसं कळावं?"

आई तापात कामावर जात होती हे मला माहीत नव्हतं. सकाळी मी उठायच्या आत ती निघून गेलेली असे.

"पप्पा, मी लपवलं नाही," मी म्हणाले. "खरंच दुखत नव्हतं."

तेव्हा ते वळले. माझ्याकडे नीट बघितलं, कितीतरी दिवसांनी बघावं तसं.

"मग ते त्याच्याहून वाईट हाय की गं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते रोज विचारू लागले. शिफ्टवरून आले की आधी, "दुखायलंय का?" मी खरं ते सांगायचे. "नाही." ते म्हणायचे, "दुखलं की सांग." खिचडीच्या मिठाचं विचारणं त्यांनी सोडून दिलं.

गटातली शेवटची मॅच मी बाहेर बसून बघितली. माझ्या जागी कबड्डीतली एक ठेंगणी मुलगी उभी होती. बॉल अर्ध्या मैदानापलीकडे असला तरी ती ओरडायची, "अगं या गं मागं, या! मी एकटी हाय हितं!" प्रेक्षक हसत होते. ती थरथरत होती, तरी आलेला प्रत्येक बॉल छातीवर, गुडघ्यावर, कशावर तरी घेत होती. मी मॅच सोडून तिच्याकडेच बघत राहिले. एवढी भीती वाटायला आत किती काय काय जागं असावं लागत असेल, असं वाटलं. कुणाचाच गोल झाला नाही आणि आम्ही सेमीफायनलला गेलो.

मग दिवाळी आली. आमच्या घरी वर्षभर सण नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आणि समोरच्यांनी फराळाची ताटं आणून दिली. कॅप्टन बुलेटवरून तिच्या आईने दिलेला मोठा स्टीलचा डबा घेऊन आली. आईच्या फोटोला नमस्कार केला, खाली बसली, स्वतःच डबा उघडून शंकरपाळे खाऊ लागली.

"वाट लागलीय," ती म्हणाली. "निम्म्या पोरी गावाला गेल्यात. लातूर, सोलापूर, एक तर पार कोकणात. यायला गाड्या मिळंनात त्यांना. अकरा कशाबशा होतील, बाकावर बसायला माणूस न्हाई. तू ये."

"माझं बोट?"

"बोटानं खेळतेस का फुटबॉल? गोलमधी नगं. नुसती बस. आमाला धीर."

पप्पा स्वयंपाकघराच्या दारात चहाची कपबशी घेऊन उभे होते. "डॉक्टरला विचारतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी खरंच विचारून आले. पळायला हरकत नव्हती, हातावर पडायचं नव्हतं. दोन बोटं एकत्र बांधून त्यावर स्पंजची पट्टी गुंडाळायला डॉक्टरांनी त्यांना शिकवलं होतं. सेमीफायनलच्या दिवशी त्यांनीच ती गुंडाळली. प्रेसवर काम करणाऱ्या माणसाचे हात, पट्टी अगदी घट्ट आणि सरळ बसली.

ती मॅच चिंचवडला होती. पप्पांनी रजा टाकली होती. मी बाकावर पाण्याच्या बाटल्यांशेजारी बसून होते. पहिल्या हाफमध्ये आमच्यावर एक गोल झाला. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या एका मुलीच्या पोटरीत गोळा आला आणि ती खाली बसली. सरांनी बाकाकडे बघितलं. बाकावर मी एकटीच.

"जा," सर म्हणाले. "फक्त आडवी ये त्यांना. पट्टीचा हात वर ठेव."

मी मैदानाच्या मधे पहिल्यांदाच आले होते. गोलमधून खेळ समोर दिसतो, इथे तो चारी बाजूंनी अंगावर येत होता. मी कुणाच्या तरी मागे पळायचे तोवर बॉल भलतीकडे गेलेला असायचा. धाप लागली. एकदा बॉल माझ्या पुढ्यात येऊन पडला, मी पाय पुढे केला, त्यांच्या मुलीनेही जोरात पाय मारला. तिचा नेम चुकला आणि बूट माझ्या नडगीवर बसला. माझे पॅड मी ठेंगणीला दिले होते.

"आई गं!"

हे इतक्या मोठ्याने निघालं की बाजूच्या मुली थांबल्या. मी खाली बसले होते, दोन्ही हातांनी पाय धरून. आई गेल्यापासून आम्ही दोघंही तो शब्द घरात टाळत होतो. "तिची साडी", "तिचा डबा" असंच म्हणायचो. तो आता माझ्या तोंडून बाहेर पडला होता आणि मला परत घेता येत नव्हता. नडगीपासून गुडघ्यापर्यंत गरम कळ चढत होती. खरी, साधी कळ. डोळ्यांत पाणी आलं. मी तशीच बसून राहिले.

कॅप्टन माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. रेषेपलीकडून पप्पांचा आवाज आला, "दुखायलंय का गं?"

"हो!" मी ओरडले. "लई दुखतंय!"

त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. हसले की रडले ते एवढ्या लांबून मला कळलं नाही. शेजारच्या माणसाला ते काहीतरी सांगत होते आणि तो माणूस गोंधळून माझ्याकडे बघत होता.

रेफ्रीबाईंनी विचारलं, "बाहेर जायचंय?" मी नाही म्हणाले. लंगडत राहिले. आमच्यावर आणखी एक गोल झाला, उजव्या कोपऱ्यातून, जमिनीलगत. ठेंगणीने झेप टाकायला उशीर केला. हा मी अडवला असता, असं मला वाटलं आणि तिचा राग आला, नंतर तिची दयाही आली. सीझन तिथे संपला. कॅप्टन मैदानातच मांडी घालून रडली. सरांनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

त्या दिवशी माझं सगळं सुटलं, मोकळं झालं, असं सांगता आलं असतं तर बरं होतं. तसं झालं नाही. पुढचे कित्येक महिने बहुतेक दिवस सपाटच गेले. रडू आलं ते परीक्षा संपल्यावर, चिखलीच्या बसमध्ये, काहीच कारण नसताना. शेजारच्या अनोळखी बाईने काही न विचारता खिडकीची काच सरकवून दिली. पुढच्या वर्षी मी पुन्हा गोलमध्ये उभी राहिले तेव्हा मला भीती वाटायची. एकट्या येणाऱ्या मुलीच्या पायात झेप टाकायला पाय उचलेना. आम्ही पहिल्या फेरीतच हरलो. कॅप्टन म्हणाली, "तुजी डेरिंग कुठं गेली?" मी तिला सगळं सांगितलं. आता मी चाकणला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. बसच्या खिडकीतून कुठल्या मैदानावर मुली खेळताना दिसल्या की मान वळवून बघते.

सेमीफायनलच्या त्या दुपारी मिसळ खाऊन झाल्यावर पप्पा मला गाडीवरून घरी घेऊन निघाले. माझा पाय ठणकत होता म्हणून ते खड्डे बघून, हळू चालवत होते. मग मान थोडी मागे करून म्हणाले, "ती झेंडा घेऊन कडंकडंनं पळणारी बाई, मधीच झेंडा वर कामून करत होती?"

"ऑफसाइड झालं की."

"म्हंजे?"

मी सांगायला लागले. त्यांच्या पाठीवर बोटाने रेघ काढून दाखवली, इथे गोल, इथे त्यांची शेवटची मुलगी, इथे आपली. पुढे सिग्नल लागला. ते गाडी थांबवून मन लावून ऐकत होते.

"म्हंजे आधीच पुढं जाऊन उभं राहायचं नाही."

"हो. बॉल मारायच्या आधी नाही."

"आन् मागं राहिलं तर चालतंय?"

"चालतं."

सिग्नल सुटला होता. मागचा ट्रकवाला हॉर्न देत होता. पप्पांनी त्याला हाताने थांब म्हणून खूण केली आणि म्हणाले, "थांब, परत सांग एकदा."